महानगराची सीमा आणि तिची संख्या

प्रास्ताविक

छत्रपती संभाजीनगरातून पुण्याच्या रस्त्याला लागले की नगर नाका मागे पडतो, छावणीची मोकळी, झाडीची हद्द ओलांडली जाते आणि थोड्याच वेळात वाळूजची औद्योगिक वसाहत सुरू होते. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला. त्याच्या आगेमागे सुट्या भागांचे असंख्य उद्योग उभे राहिले आणि कामगारांच्या निवाऱ्यासाठी बजाजनगर वसले. पाळी बदलण्याच्या वेळी या रस्त्यावर उभे राहावे. सिडको, हडको, हर्सूल अशा भागांतून कामगारांना घेऊन येणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या आणि रात्रपाळी संपवून शहराकडे परतणाऱ्या दुचाकी यांची रांग संपता संपत नाही. यांतील कोणालाही ‘आपण कोठे राहता?’ असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकाच शहराचे नाव असेल.

जनगणनेचे उत्तर मात्र तसे नाही. बजाजनगर ज्या वडगाव कोल्हाटी गावात येते, ते २०११ च्या जनगणनेत शहराच्या आकड्यात नव्हते. शहराच्या नागरी समूहातही नव्हते. तेथील कारभार ग्रामपंचायतीकडे होता. तेथील माणसे मोजली गेली. पण ती ‘शहरा’च्या ओळीत नव्हे, वेगळ्या ओळीत.

ही चूक नव्हे. सीमा कोठे आखावी याचा एक नियम ठरलेला होता आणि त्या नियमाचा हा परिणाम आहे. नियम बदलला की संख्या बदलते, आणि संख्या बदलली की शहराचा क्रमांक, त्याला मिळणारा निधी, तेथे नोकरी करणाऱ्याचा घरभाडे भत्ता अशा अनेक गोष्टी बदलतात. या घटकात आपल्याला हे नियम समजून घ्यायचे आहेत. आधी आपल्या देशातले, मग इतर देशांतले. घटक वाचून झाल्यावर ‘जगातील दहा मोठी शहरे’ अशी एखादी यादी हाती आली, तर तिच्यातील आकड्यांकडे वळण्यापूर्वी ‘शहर’ या शब्दाचा अर्थ तुम्ही तपासून पाहाल, अशी अपेक्षा आहे.

एकाच शहराच्या तीन लोकसंख्या

२०११ च्या जनगणनेनुसार येथील महानगरपालिकेची लोकसंख्या ११,७५,११६ होती. महानगरपालिका आणि तिला लागून असलेली छावणी मिळून जो नागरी समूह होतो, त्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ९३ हजार होती. जिल्ह्याची लोकसंख्या ३७,०१,२८२ होती. यांतील कोणती संख्या खरी? तिन्ही खऱ्या आहेत. तीन वेगळ्या प्रश्नांची ती तीन उत्तरे आहेत. पहिल्या संख्येमागचा प्रश्न असा: महानगरपालिकेच्या कारभाराखाली किती लोक राहतात? दुसऱ्या संख्येमागचा: सलग नागरी वस्तीत किती लोक राहतात? तिसऱ्या संख्येचा शहराशी संबंध नाही, ती एका जिल्ह्याची आहे. तरीही काही देशांत याच प्रकारची संख्या ‘शहराची लोकसंख्या’ म्हणून सांगितली जाते. ते पुढे पाहू.

आता ‘नागरी’ कोणाला म्हणायचे? भारतीय जनगणनेत नागरी वस्तीचे दोन मुख्य प्रकार आहेत. महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, छावणी मंडळ अशी कायद्याने स्थापन झालेली स्थानिक संस्था जेथे आहे, ते वैधानिक नगर. जेथे अशी संस्था नाही, पण लोकसंख्या किमान ५,००० आहे, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायांत आहेत आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आहे, ते जनगणना नगर. दुसऱ्या अटीत फक्त पुरुषांचा विचार आहे, ही गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ग्रामीण भागातील स्त्रियांच्या शेतकामाने हे प्रमाण बदलू नये, असे तिचे समर्थन केले जाते. निम्म्या लोकसंख्येचे काम वगळून गावाचे स्वरूप ठरवणे कितपत योग्य, हा प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही.

वडगाव कोल्हाटी हे असेच जनगणना नगर होते. म्हणजे जनगणनेच्या दृष्टीने नागरी आणि कारभाराच्या दृष्टीने ग्रामीण. कारखान्यांच्या कुशीत वाढलेल्या अशा वस्त्या महाराष्ट्रात अनेक आहेत. पाणी, सांडपाणी, कचरा, रस्ते यांची गरज शहराची असते आणि ती भागवण्याचे साधन ग्रामपंचायतीचे असते.

एक नगर आणि त्याची लगतची बाह्यवाढ, किंवा एकमेकांस भिडलेली दोन वा अधिक नगरे, यांच्या सलग विस्ताराला जनगणना ‘नागरी समूह’ म्हणते. समूहातील किमान एक नगर वैधानिक असावे आणि एकूण लोकसंख्या किमान २०,००० असावी, अशी अट असते. समूहाची लोकसंख्या दहा लाखांवर गेली की तो महानगरांच्या गटात येतो. २०११ मध्ये देशात असे ५३ समूह होते आणि महाराष्ट्रात सहा: बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार आणि आपले शहर.

या व्याख्येत कळीचा शब्द ‘सलग’ हा आहे. माणसे रोज कोठून कोठे कामाला जातात हे ती विचारत नाही; वस्ती वस्तीला भिडली आहे का, एवढेच विचारते. याचा सर्वांत बोलका नमुना वरील यादीतच आहे. वसई-विरारमधून रोज पहाटेपासून लोकलगाड्या भरून मुंबईकडे जातात; तेथील असंख्य कुटुंबांची मिळकत मुंबईत होते. तरीही २०११ मध्ये १२ लाख २२ हजार लोकसंख्येचे वसई-विरार हे बृहन्मुंबई नागरी समूहाबाहेरचे स्वतंत्र महानगर म्हणून मोजले गेले. खाडीच्या दक्षिणेचे मीरा-भाईंदर समूहात होते, उत्तरेचे वसई नव्हते.

याचा व्यवहारात काय फरक पडतो? तुमच्यापैकी जे सरकारी सेवेत आहेत त्यांना घरभाडे भत्त्याचे एक्स, वाय आणि झेड हे वर्ग परिचित असतील. केंद्र सरकारच्या वर्गीकरणात पन्नास लाखांवरची शहरे एक्स, पाच ते पन्नास लाखांची वाय आणि त्याखालची झेड अशी विभागणी आहे. सातव्या वेतन आयोगानंतर आरंभी हे दर मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के होते. २०११ च्या जनगणनेवर आधारलेल्या यादीत बृहन्मुंबई नागरी समूह एक्स वर्गात आला आणि वसई-विरार वाय वर्गात. आपले शहरही वाय वर्गात, तेही ‘नागरी समूह’ म्हणून नोंदलेले. पंधराव्या वित्त आयोगानेही २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांवरील नागरी समूहांचा स्वतंत्र गट मानला आणि त्यांचे अनुदान हवेची गुणवत्ता, पाणीपुरवठा व स्वच्छता यांतील कामगिरीशी जोडले. ‘समूह’ हा कोष्टकातला शब्द असा थेट पगारपत्रकात आणि अंदाजपत्रकात उतरतो.

नियोजनाच्या कायद्याने आणखी एक वर्तुळ आखले आहे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, अनुच्छेद २४३-त मध्ये, दहा लाख वा अधिक लोकसंख्येचे आणि दोन किंवा अधिक नगरपालिका, पंचायती अथवा लगतची क्षेत्रे मिळून बनलेले असे क्षेत्र राज्यपालांनी अधिसूचित केल्यास त्याला ‘महानगर क्षेत्र’ म्हटले आहे. आपल्या शहराभोवतीही महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले असून त्याच्या कक्षेत तीनशेहून अधिक गावे आहेत. त्यांतील कित्येक गावांत कापूस आणि मका यांखेरीज फारसे काही दिसणार नाही. हे वर्तुळ आज काय आहे ते सांगत नाही, उद्या काय होईल असा अंदाज बांधून आखलेले असते. म्हणून प्रदेशाची लोकसंख्या शहराची म्हणून सांगणे योग्य नाही.

सीमा हलते तेव्हा

एकाच शहराची दोन वर्षांची तुलना तरी सोपी असेल, असे आपल्याला वाटते. पुढील आकडे पाहा. १९८१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती, १९९१ मध्ये ५ लाख ७३ हजार. दहा वर्षांत दुप्पट! या काळात उद्योग वाढले, मराठवाड्याच्या जिल्ह्यांतून माणसे आली, हे खरेच. पण १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि आसपासची खेडी तिच्या हद्दीत आली, हेही खरे. त्या खेड्यांतली माणसे कोठूनही आली नव्हती. ती आपल्या घरीच होती. हद्द त्यांच्यापर्यंत चालत आली.

२००१ ते २०११ या दशकात शहर ८,७३,३११ वरून ११,७५,११६ वर गेले. वाढ ३,०१,८०५, म्हणजे ३४.६ टक्के, वर्षाला सरासरी तीन टक्के. आता पुढच्या जनगणनेचा विचार करा. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन जाहीर झाला आहे. मधल्या काळात, २०१५ मध्ये, सातारा-देवळाई परिसर महानगरपालिकेत समाविष्ट झाला. नवा आकडा आला की वृत्तपत्रांत वाढीची टक्केवारी झळकेल आणि तिच्यात या परिसरातील रहिवाशांचाही वाटा असेल. योग्य रीत अशी, की २०२७ च्या हद्दीत येणाऱ्या सर्व भागांची २०११ ची लोकसंख्या गावनिहाय कोष्टकांतून काढून आधारसंख्येत मिळवावी आणि मगच वाढीचा दर काढावा. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

जाता जाता आणखी एक सूचना. २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे बदलले. जुनी कोष्टके व बहुतेक आंतरराष्ट्रीय संचयिका यांत ते ‘औरंगाबाद’ या नावानेच सापडेल. त्या नावाचा एक जिल्हा व शहर बिहारमध्येही आहे. कोष्टकातून आकडा उचलताना राज्याचा रकाना पाहण्यास विसरू नका.

इतर देशांच्या मोजपट्ट्या

अमेरिकेची संयुक्त संस्थाने महानगर मोजताना ‘काउंटी’ हा घटक धरतात. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. किमान ५०,००० लोकवस्तीचा नागरी गाभा ज्या काउंटीत आहे ती मध्यवर्ती. शेजारच्या काउंटीतील काम करणाऱ्या रहिवाशांपैकी किमान २५ टक्के लोक मध्यवर्ती भागात कामाला जात असतील, किंवा तेथील नोकऱ्यांपैकी किमान २५ टक्के जागी मध्यवर्ती भागातील लोक असतील, तर तीही महानगरात धरली जाते. येथे वस्ती सलग असण्याची गरज नाही, कामाचा संबंध पुरेसा आहे.

पण घटकच मोठा असला तर काय होते? कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या दोन काउंट्या मिळून एक महानगर मानले जाते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर आहे. सबंध मराठवाडा सुमारे साडेचौसष्ट हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे त्याहून लहान! या अमेरिकी महानगरात मोहावी वाळवंटाचा मोठा भाग येतो. २०२० मध्ये तेथील लोकसंख्या सुमारे ४६ लाख होती. घनता दर चौरस किलोमीटरला ६५ च्या आसपास. मराठवाड्याची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख; घनता सुमारे २९०. आकड्यांवर भाबडा विश्वास ठेवला, तर परभणी-हिंगोलीच्या शिवारांसह सारा मराठवाडा त्या महानगरापेक्षा चौपटीहून अधिक ‘नागरी’ ठरेल. तेथील माणसे प्रत्यक्षात वाळवंटाच्या कडेला दाटीने राहतात. सरासरी काढताना वाळवंट भाजकात आले, इतकेच.

चीनमधील चोंगछिंगची गोष्ट याहून पुढची. २०२० च्या जनगणनेत या ‘नगरपालिके’ची लोकसंख्या तीन कोटी वीस लाखांच्या घरात होती आणि काही याद्यांत ते जगातील सर्वांत मोठे शहर म्हणून दाखवले जाते. तिचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर असून त्यात डोंगर, भातशेती आणि अनेक वेगळी गावे-शहरे आहेत. नाव नगरपालिकेचे, आकार प्रांताचा. आपल्या जिल्ह्याची ३७ लाख लोकसंख्या ‘शहराची’ म्हणून सांगावी, तसाच हा प्रकार.

जपानमध्येही ये-जा हाच निकष आहे, परंतु पट्टी फार सैल. पंधरा वर्षांवरील रहिवाशांपैकी दीड टक्का लोक जरी मध्यवर्ती शहरात कामाला किंवा शिकायला जात असतील, तरी ते गाव मोठ्या महानगर क्षेत्रात धरता येते. युरोपीय संघ व आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना यांनी हीच सीमा काम करणाऱ्या रहिवाशांच्या १५ टक्क्यांवर ठेवली आहे. आता एक काल्पनिक गाव घ्या. तेथील १,००० काम करणाऱ्यांपैकी २०० जण रोज शहरात जातात; प्रमाण २० टक्के. युरोपीय पट्टीने गाव महानगरात आले. अमेरिकी पट्टीने ते बाहेर राहिले (तेथे गाव नव्हे, काउंटी मोजतात, हे वेगळेच). जपानी पट्टीने तर अशा गावापलीकडची आणखी कित्येक गावे आत येतील. भारतीय पट्टी विचारील: तुमच्या गावाची शेवटची घरे शहराच्या शेवटच्या घरांना टेकली आहेत का?

आपणही ये-जा मोजावी, असे तुम्हाला वाटेल. अडचण विदेची आहे. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग यांबाहेर काम करणाऱ्यांना घरापासून कामाचे ठिकाण किती अंतरावर आहे आणि तेथे कोणत्या साधनाने जाता, हे विचारले होते. सायकल, दुचाकी, बस, रेल्वे असे रकाने त्यात आहेत. पण त्या कोष्टकांतून कोणत्या गावातून कोणत्या शहरात माणूस जातो, हे कळत नाही. दहा किलोमीटर अंतर समजते, दिशा समजत नाही. बजाजनगरहून शहरात येणारा आणि शहरातून वाळूजला जाणारा, दोघेही सारखेच दिसतात. आपल्या शहराच्या बाबतीत तर दिशाच महत्त्वाची आहे. कारण येथे मोठा लोंढा गाभ्यातून बाहेर जातो. बाहेरच्या गावातून गाभ्यात येणारे एवढेच मोजले, तर वाळूजचा शहराशी असलेला संबंध निम्माच दिसेल. अमेरिकी नियमाने दोन्ही दिशा धरल्या आहेत, ही त्याची जमेची बाजू.

जागतिक पट्टीचा प्रयत्न

या साऱ्या गोंधळावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२० मध्ये ‘नागरीकरणाची पातळी’ ठरवण्याची एक समान पद्धत मान्य केली. तिच्यात प्रशासकीय हद्दी बाजूला ठेवून जमिनीवर एक चौरस किलोमीटरच्या चौकटी आखतात. ज्या चौकटीत किमान १,५०० लोक राहतात अशा लगतच्या चौकटी एकत्र करून त्यांची लोकसंख्या किमान ५०,००० भरली, तर ते शहर.

पट्टी बदलल्याचा परिणाम किती मोठा असतो पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या नागरीकरण अहवालात टोकियो सुमारे ३ कोटी ७० लाख लोकसंख्येसह पहिल्या स्थानावर होते आणि जकार्ताची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास होती. नव्या पद्धतीने केलेल्या २०२५ च्या अहवालात जकार्ता सुमारे ४ कोटी २० लाखांसह पहिले, ढाका दुसरे आणि टोकियो सुमारे ३ कोटी ३० लाखांसह तिसरे आले. सात वर्षांत जकार्तात तीन कोटी माणसे आली नाहीत. प्रशासकीय जकार्ताबाहेर बेकासी, डेपोक, तांगेरांगकडे पसरलेली दाट वस्ती पूर्वी त्या नावाखाली मोजली जात नव्हती. आता मोजली जाते.

ही पट्टीही निर्दोष नाही, आणि वाळूजला ते चांगले दिसते. कारखान्याच्या आवारात दिवसा हजारो माणसे असतात, पण राहत कोणीच नाही. निवासी लोकसंख्या मोजणाऱ्या नकाशावर औद्योगिक भूखंड ओसाड माळासारखाच रिकामा. तशात मध्ये छावणीची विरळ वस्ती. त्यामुळे शहर आणि बजाजनगर यांना जोडणारी चौकटींची साखळी तुटण्याची शक्यता राहते. म्हणूनच निम्म्याहून अधिक बांधकाम असलेल्या चौकटीही शहरात धरण्याची मुभा या पद्धतीत ठेवलेली आहे. ती मुभा वापरली की नाही, हे तुलना करणाऱ्याने तपासावे लागते.

प्रश्न आधी, सीमा नंतर

तेव्हा कोणती व्याख्या स्वीकारावी? याचे एकच उत्तर देता येत नाही. तुमचा प्रश्न काय आहे त्यावर ते ठरते. मालमत्ता कर किती गोळा होतो हे पाहायचे असेल, तर महानगरपालिकेचीच हद्द हवी. कर तीच वसूल करते. बससेवा आखायची असेल, तर ये-जेचा पट्टा हवा. रुग्णालयातील खाटा मोजायच्या असतील, तर ‘घाटी’ रुग्णालयाचा विचार करा. जालना, बीड, हिंगोलीकडून रुग्ण तेथे येतात. त्या खाटांना केवळ महानगरपालिकेच्या लोकसंख्येने भागले, तर दर लाखामागे खाटांची संख्या प्रत्यक्षाहून सुखावणारी दिसेल. रस्त्यावरील अपघातांचा दर काढतानाही अंश आणि छेद एकाच हद्दीतले आहेत का, ते पाहावे. पोलिस आयुक्तालयाची हद्द आणि महानगरपालिकेची हद्द एकच असते असे गृहीत धरून चालत नाही. माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतील सर्वाधिक चुका याच जागी होतात. गणित बरोबर असते, छेद दुसऱ्याच हद्दीतला असतो.

दोन देशांतील शहरांची तुलना करताना मात्र दोन्हीकडे एकच पट्टी लावलीच पाहिजे, मग ती थोडी गैरसोयीची का असेना. पुणे नागरी समूहाची २०११ ची ५० लाख ५८ हजार ही लोकसंख्या एखाद्या अमेरिकी महानगराशेजारी मांडणे म्हणजे एकाची उंची अनवाणी आणि दुसऱ्याची पादत्राणांसह मोजणे होय. शिवाय वर्षही एकच असावे. २०११ चा पुण्याचा आकडा आणि २०२० चा अमेरिकेचा आकडा यांमध्ये नऊ वर्षांची वाढ दडलेली आहे.

स्वाध्याय

तुमच्या जिल्ह्याची २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका मिळवा. जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या नगराची हद्दीतील लोकसंख्या आणि, असल्यास, नागरी समूहाची लोकसंख्या लिहून काढा. नगराच्या सीमेला लागून असलेली तीन गावे निवडा. त्यांची लोकसंख्या व घनता पाहा आणि जनगणना नगराच्या कोणत्या अटी ती पूर्ण करतात ते नोंदवा. यांतील एखाद्या गावात वीस घरांना भेट देऊन काम करणारी माणसे कोठे जातात व कोणत्या साधनाने जातात ते विचारा, स्त्रियांनाही विचारा. वीस घरांवरून सबंध गावाचा निष्कर्ष काढता येणार नाही, हे लक्षात ठेवून १५ आणि २५ टक्के या दोन्ही पट्ट्या लावून पाहा. ते गाव तुम्ही महानगरात धराल की बाहेर ठेवाल, आणि कोणत्या प्रश्नासाठी, हे २०० शब्दांत लिहा.